खंडेनवमीला बसवलेली हत्यारं

सीताफळं आली की मी चार-आठ दिवस कुणाशी धड बोलत नाही. घरच्यांना हे आता पाठ झालंय. भाजी आणायला गेलेली बाई पाटीभर सीताफळं घेऊन आली आणि घुम्यासारखी बसून राहिली, की दसरा जवळ आला असं ते समजतात आणि मला माझ्या वाटेला सोडून देतात.

बीडच्या बसस्टँडबाहेर या दिवसांत नेकनूरकडच्या बायका पाट्या घेऊन बसतात. सगळं फळ बालाघाटाच्या उतारावरचं, कुणी न लावलेलं. "घ्या बाई, डोळे उघडल्यात बगा, परवाच्याला पिकतेल," असं म्हणून त्या फळ फिरवून दाखवतात. खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या झाल्या की फळाचे डोळे उघडले म्हणायचं, मग ते गवतात दडवायचं. मी घासाघीस करत नाही. आणते, दडवते. तिसऱ्या दिवशी घरभर वास सुटतो, आणि त्याच्यामागून मला हळदीचा, वंगणाचा आणि ओल्या ऑइलपेंटचा वास येतो. सीताफळाचा आणि ऑइलपेंटचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर सांगायला बसावं लागेल. इतकी वर्षं टाळलं, आज बसते.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं. औरंगाबादला इंजिनिअरिंग केलेली, घाटनांदूरच्या भुसार दुकानदाराची पोरगी. देशाची दारं उघडली, आता कारखाने येणार, परदेशी यंत्रं येणार, असं रोज पेपरात यायचं. आमच्या जिल्ह्यात कारखाना म्हटलं की साखरेचा किंवा कापसाच्या जिनिंगचा, तिसरा सांगताना माणूस अडखळायचा. पण वारं असं होतं की प्रत्येक तालुक्यातल्या पुढाऱ्याला आपलं एक तंत्रनिकेतन हवं होतं. आमचे आबा त्यातलेच. शेतीवाडीचे, दोनदा निवडून आलेले, मनानं वाईट नव्हते. नेकनूरच्या पुढच्या माळावर त्यांनी तीन खोल्या आणि एक पत्र्याची शेड उभी केली, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले पाठक सर प्राचार्य म्हणून आणले, आणि मला पहिली अधिव्याख्याता म्हणून नेमलं. काम काय, तर कॉलेज कशासाठी, कोणते अभ्यासक्रम, कोणती माणसं, हे सगळं कागदावर आणायचं. म्हणजे कॉलेज अजून नव्हतंच, फक्त मी आणि पाठक सर होतो.

मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा पोतं शिवत होते. सुतळी दातात धरूनच म्हणाले, "माळावर कॉलेज? तिथं तर होलेसुद्धा बसत न्हाईत." मग गळ्यातल्या लिंगाला हात लावून पुन्हा शिवायला लागले. त्यांचा आशीर्वाद द्यायचा प्रकार एवढाच.

होल्यांसारखी पाखरंही बसत नव्हती, पण सीताफळीची झाडं होती. शेडच्या मागच्या उतारावर खडकाच्या फटीफटीतून उगवलेली. मी त्यांच्या सावलीत मांडीवर फाईल ठेवून लिहायची. आमच्या भिंतीवर आबांनी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, "स्थानिक उद्योगासाठी स्थानिक तंत्रज्ञ". ते वाक्य माझंच होतं. ते वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, खोटं कशाला सांगू.

सर्व्हे करायचा ठरला. मी प्रश्नावली केली, सायक्लोस्टाइल केली, आणि एसटीनं, कधी ट्रॅक्टरवरून, जिनिंग, तेलगिरणी, पाइप ओतायची भट्टी, असं फिरत सुटले. आपल्याला कोणत्या प्रकारच्या तंत्रज्ञांची गरज आहे, असा माझा प्रश्न. मालक लोक चहा पाजायचे, प्रश्नावली उलटीसुलटी बघायचे, आणि शेवटी एकच सांगायचे. नेकनूरच्या जिनिंगमध्ये एक हमीद मिस्तरी आहे, त्याच्यासारखा माणूस तयार करून द्या. तेलगिरणीवाल्यानंही तेच सांगितलं, ज्याचा कापसाशी संबंध नाही त्यानंही तेच.

मग मी हमीद मिस्तरी बघायला गेले.

हंगाम संपत आला होता. शेडमध्ये रेच्यांची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या यंत्रांची, रांग, प्रत्येक रेच्यातून एका बाजूला रुई आणि खाली सरकी, आणि हवेत इतकी तूस की श्वास जपून घ्यावा लागत होता. आवाजानं मला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या कल्लोळात एक पन्नाशीचा माणूस मधल्या वाटेनं सावकाश चालला होता, मान थोडी कलती करून. चालता चालता थांबला, एका रेच्याकडे बोट केलं, यंत्र बंद करायला लावलं. झाकण काढलं तर चामड्याच्या रोलरवरच्या खाचा झिजलेल्या. त्यानं पेटीतून एक छोटी करवत काढली आणि रोलरवर नव्यानं खाचा पाडायला लागला, तिरक्या, एकसारख्या, पट्टी न लावता. खाचा बरोबर नसतील तर कापूस रोलरला धरतच नाही, घसरतो, सरकी चिरडते. हे मला पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं. जिनिंगवर पुस्तकच नव्हतं.

"आवाजावरनं कसं कळलं?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"बोलतंय की त्ये. सगळे एका सुरात बोलतेत, एखादा वंगाळ बोलला की कळतंच." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाले, "ह्ये कावून लिहिता ताई? कागदाला ऐकू येतंय का?"

त्यांचं पोरगं शहरात रंगकामाला लागलं होतं. हाताखाली दुसरं कुणी टिकत नव्हतं, तूस छातीत जाते म्हणून. आपल्यामागं हे कुणाला येणार नाही, हे ते पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलून गेले. मी तिथंच ठरवलं. घरी येऊन दोन दिवसांत आख्खा अभ्यासक्रम लिहिला, कापूस प्रक्रिया यंत्रतंत्र, दोन वर्षांचा, आणि कार्यशाळा निदेशक म्हणून पहिलं नाव हमीद मिस्तरी यांचं. पाठक सरांनी चष्मा वर करून विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "सातवी नापास." त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला. आबा मात्र खूश झाले. "असं पायजे," म्हणाले, "मातीतला माणूस."

आता इथं एक रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आमच्या भागातल्या जिनिंगमध्ये मिस्तरीशी करार-बिरार कुणी करत नसे. खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची. मिस्तरी आपली हत्यारं घासूनपुसून आणायचा आणि यंत्रापुढं पाटावर बसवायचा. मुनीमजी त्यांना हळदकुंकू लावायचे, झेंडू वाहायचे, मिस्तरीच्या हातात नारळ द्यायचे. ज्या गिरणीच्या पूजेत हत्यारं बसली, तो मिस्तरी होळीपर्यंत त्या गिरणीचा. सही नाही, कागद नाही. हमीद मिस्तरींच्या, म्हणजे सगळ्यांच्या हमीदमामूंच्या, वडिलांनीही तिथंच बसवलेली. मामूंनी हत्यारं बसवायची आणि हळदकुंकू मुनीमजींनी लावायचं, ही वाटणी दोन पिढ्यांची होती आणि तिच्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मामूंनी हत्यारं आमच्या शेडमध्ये आणावीत, यासाठी मी त्यांच्या घरी तीनदा गेले. तिन्ही वेळा त्यांच्या बायकोनं मला सीताफळं खायला दिली आणि मामू भिंतीला टेकून ऐकत राहिले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "एकदा न्हाई बसवली गिरनीत तर त्ये दुसरा आनतेत. मग मी हंगामभर कुठलाच न्हाई."

मी म्हटलं, "तुम्ही कॉलेजचे मामू. कायमचे. पोरं तुम्हाला सर म्हणतील."

ते हसले. "सर? लई झालं मग." पण हसता हसता बायकोकडे बघितलं, ते मी पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमचा शब्द हाय ना ताई?"

"माझा शब्द आहे."

कुठल्या जोरावर दिला होता मी तो शब्द? कायमचा आदेश माझ्या हातात नव्हता, माझाच नव्हता आलेला. अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "शब्द दिलास? आडतीवर शब्द मोडला तर दुसऱ्या दिवशी आपल्या दारात कुणी पोतं उतरवत न्हाई. तुमच्या कॉलेजात काय करतेत?" मी म्हटलं, कॉलेजात असलं काही होत नसतं अण्णा.

खंडेनवमीला मामू सायकलवर पेटी बांधून माळावर आले. धुतलेला शर्ट, डोळ्यांत सुरमा. पान्हे, छिन्न्या, कानशी, हातोडे, आणि ती छोटी करवत, त्यांनी स्वतः एका जुन्या पोलादी पट्टीला दात पाडून केलेली, बाभळीच्या मुठीची. एकेक काढून त्यांनी आमच्या नव्या लेथपुढं पाटावर मांडली. हळद मी लावली. पाठक सरांनी नारळ दिला. शेडच्या पत्र्यावर वाऱ्यानं सीताफळीची फांदी घासत होती. मामू म्हणाले, "बसली बगा."  पुढच्या सगळ्या नोकरीत इतक्या आनंदात मी पुन्हा कधी नव्हते. त्याच सकाळी गिरणीतल्या पाटावर परजिल्ह्यातल्या एका मिस्तरीची हत्यारं बसली.

दिवाळीनंतर कॉलेजांना मान्यता देणाऱ्या परिषदेची तपासणी समिती येणार होती. तिच्या हो-नाहीवर कॉलेजचा जीव टांगणीला. त्याआधी माणसं भरायची होती. मुलाखतींना लातूर, नांदेड, परभणीकडून पोरं पहिल्या एसटीनं यायची, प्लास्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रं, पायाला माळाची धूळ. ज्याला त्याला सरकारी नोकरीचं बोलावणं येईपर्यंत थांबायला जागा हवी होती. एकानं मला विचारलं, "म्याडम, इथं उद्योग कुठले आहेत?" मी खिडकीतून बोट दाखवलं. खिडकीतून दूरवर जिनिंगची शेड दिसत होती. तो खिडकीशी जाऊन बघून आला आणि म्हणाला, "ते होय?" तोही आठ महिन्यांत गेला. एवढ्या माणसांत मामूच तेवढे काम बघून आले होते. त्यांनी दोन्ही लेथ एकट्यानं पायावर बसवले, पाण्याची वाटी ठेवून पातळी बघत. पाठक सरसुद्धा उन्हात उभे राहून ते बघायचे.

समिती यायला दोन दिवस उरले आणि घोडं अडलं. पुण्याहून यायची हत्यारं आली नव्हती. यादीप्रमाणे पान्हे, कानशी, करवती सगळं शेडमध्ये दिसायला हवं, आणि प्रत्येकावर कॉलेजचा नंबर हवा. पाठक सर लिंबागणेशला गणपतीपुढं नारळ फोडायला गेले होते. आबांचा निरोपावर निरोप. आणि माझी नजर मामूंच्या पेटीवर गेली.

कुणी सांगितलं नाही मला. माझ्याच डोक्यातून निघालं ते.

मी मामूंना म्हटलं, दोन दिवसांपुरतं. ते लगेच हो म्हणाले, उलट खूशच झाले. सीताफळीखाली आम्ही दोघं बसलो, मी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन. ड्रॉइंगमुळे माझे आकडे छापल्यासारखे यायचे. मामू एकेक हत्यार दोन बोटांत धरायचे, मी कॉलेजच्या नावाची अक्षरं आणि नंबर घालायची, मग ते दगडावर वाळत ठेवायचे. "नीट लिहा ताई," ते म्हणत होते, "उद्या पुसायला नगं." करवत शेवटी आली. तिच्या मुठीवर जागा कमी होती, तरी मी बसवला नंबर. पिकलेली फळं झाडावरच फुटली होती, त्यांचा वास, रंगाचा वास, आणि मामूंच्या हातांना येणारा वंगणाचा. आपल्या हत्यारांवर कॉलेजचा नंबर आला म्हणजे आपणच कॉलेजात पक्के झालो, असं त्या माणसाला वाटत होतं. मला ते कळत होतं आणि मी डब्याचं झाकण लावलं.

समितीची माणसं चांगली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सीताफळं खाल्ली, शेड बघितली, हत्यारं यादीशी ताडून पाहिली. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी मामूंना लेथ चालवायला सांगितला, मग पाऊण तास त्यांच्याशी उभ्यानं बोलत राहिले, रोलरबद्दल, त्याला टेकणाऱ्या सुरीबद्दल, आवाजाबद्दल. शेवटी त्यांनी मामूंचे दोन्ही हात हातात घेतले. आणि खोलीत येऊन पाठक सरांना म्हणाले, "ह्या माणसाला मी शिकवू शकत नाही, एवढं त्याला येतं. पण निदेशकाला प्रमाणपत्र लागतं, सर. आणि ह्या नावाचा अभ्यासक्रम आमच्या यादीत नाही. जिनिंगसाठी कोण कॉलेज काढतं? तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स मागा, कॉम्प्युटर मागा, लगेच मिळेल." आबांनी लगेच मागितलं. मिळालं. पहिल्या वर्षाला कार्यशाळा सगळ्यांनाच सक्तीची, म्हणून शेड आणि हत्यारं मंजूर झाली.

मामू बाहेर उभे होते. मी सांगितलं.  "म्हंजी हत्यारं पास झाली," असं ते म्हणाले, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलून आत घेऊन गेले, कारण दुसरं कुणी उचलत नव्हतं.

त्यांना शिपाई म्हणून घेतलं. आबांनी उपकार केल्यासारखं नव्हे, खरंच वाईट वाटून घेतलं. गिरणीत आता होळीपर्यंत जागा नव्हती. पुण्याची हत्यारं आलीच नाहीत, म्हणून मामूंची शेडमध्येच राहिली. खाकी कपडे आले, घंटा आली, चहाची किटली आली. निदेशक म्हणून प्रमाणपत्र असलेला एक जण रुजू झाला, तोही भला माणूस. लेथ कुरकुरला की तो कुणाचं लक्ष नाही बघून मामूंना बोलवायचा. मामू किटली खाली ठेवून यंत्राला कान लावायचे, काहीतरी सांगायचे, पुन्हा किटली उचलायचे. पोरं त्यांना मामू म्हणायची. सर कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या भाद्रपदात गिरणीतून मुनीमजींचा निरोप आला. नव्या मिस्तरीनं दोन रेचे बिघडवले होते. खंडेनवमीला हत्यारं घेऊन या. मामू माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या चालण्यातच फरक पडला होता. "ताई, हत्यारं नेतो. शिपाईगिरी बास झाली."

मी पाठक सरांकडे गेले. ते म्हणाले, "यादी परिषदेकडे गेली आहे, सह्यांनिशी. पुन्हा तपासणी कधीही होईल. एक पान्हा कमी दिसला तर मान्यता जाईल. त्यांना सांगा, पुढच्या वर्षी." मी आबांकडे गेले. आबा म्हणाले, "नवीन घेऊन देतो की त्याला, त्यात काय." ते इलेक्शनचं वर्ष होतं. नवीन आली नाहीत, आणि आली असती तरी त्या करवतीसारखी करवत दुकानात मिळत नव्हती.

शेडची किल्ली माझ्याकडे होती.

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये, रुमालाखाली होती. शेड उघडायची, पेटी सायकलला बांधून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी जे होईल ते तोंडावर घ्यायचं, एवढंच करायचं होतं. पण माझं प्रोबेशन त्याच महिन्यात संपत होतं. कायमचा आदेश टाइप होऊन सहीला गेला होता. मी मामूंना सांगितलं, "नियम आहे मामू, माझ्या हातात नाही." त्यांनी माझ्या पर्सकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. "असू द्या ताई," म्हणाले, "तुमी तरी काय करणार."

खंडेनवमीच्या सकाळी त्यांनीच शेड झाडली, हत्यारं घासूनपुसून लेथपुढं मांडली. माझे पांढरे आकडे वर येतील अशी मांडली. मी हळद लावली. गिरणीत त्या दिवशी आणखी एका नव्या माणसाची हत्यारं बसली असणार. आठवड्यानं माझा आदेश आला. अण्णांना पेढे दिले, त्यांनी कोपरा मोडून तोंडात घातला आणि विचारलं, "त्या मिस्तरीचं काय झालं?" मी म्हटलं, आहेत की, आमच्याच कॉलेजात आहेत. ते खोटं नव्हतं.

त्यानंतरच्या सगळ्या वर्षांना मला एकच रंग दिसतो, खाकी. मामू घंटा देत राहिले, मी शिकवत राहिले. आमची पोरं पास व्हायची आणि पुण्याच्या गाडीत बसायची. भिंतीवरचं वाक्य दर दोन वर्षांनी नव्यानं रंगवलं जायचं. जिनिंगनं पुढं नव्या धर्तीचे रेचे आणले, त्यांच्याबरोबर बाहेरचे मेकॅनिक आले, कंत्राटावर. आमच्या कॉलेजातून त्या गिरणीत एकही माणूस गेला नाही. समोर दिसत होती ती, माझ्या वर्गाच्या खिडकीतून. मी फळ्याकडे तोंड करून शिकवायची सवय लावून घेतली.

मामू निवृत्त झाले तेव्हा टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. मग पोरं येईनाशी झाली, एकेक शाखा बंद झाली, मीही घरी आले. शेड पाडून तिथं मंगल कार्यालय करायचं ठरलं, आणि भंगारवाला आलाय असं कळलं म्हणून मी धावत गेले. बहुतेक सगळं ट्रकमध्ये पडलं होतं. कडेला उडालेली करवत मला सापडली. दात बोथट, मूठ उन्हानं चिरलेली, पण नंबर जसाच्या तसा. रंग चांगला होता तेव्हाचा.

गेल्या वर्षी याच दिवसांत, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, मी ती घेऊन नेकनूरला गेले. मनात होतं की पाया पडायचं. किल्लीचं सांगायचं. मामू बाजेवर होते, एक डोळा पार गेलेला, दुसऱ्यानं अंधुक दिसतं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मी करवत त्यांच्या हातात दिली. त्यांनी दातांवरून अंगठा फिरवला आणि लगेच ओळखली.

"ही कुठं व्हती?"

"कॉलेजात," मी म्हटलं.

"लई हाल केले हिचे." त्यांनी नातसुनेला हाक मारून फळीवरची तिकोनी कानस आणायला सांगितली. मग बाजेवर मांडी घालून एकेक दात घासायला बसले. दिसत नव्हतं, पण बोटानं चाचपायचे, घासायचे, कानापाशी नेऊन नखानं वाजवायचे, पुन्हा घासायचे. मी समोर बसले होते. दारात सीताफळांची पाटी होती. तासभर तरी गेला असेल. मला बोलायचं होतं ते सगळं ओठांशी आलं होतं आणि कानशीच्या आवाजात मला ते सुरूच करता येईना.

शेवटी त्यांनी करवत फडक्यानं पुसली, मुठीवरच्या नंबरावरून बोट फिरवलं, फडक्यात गुंडाळली आणि माझ्यापुढं धरली.

"घ्या ताई. आता चांगली चालंल. उद्या खंडेनवमी हाय, लेथापुढं ठिवा, आन् पूजा झाल्यावर तिच्या जागेवर. नंबर हाय तिचा, कमी दिसली तर तुमाला बोल लागंल."

शेड पाडली, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी करवत घेतली, पर्समध्ये ठेवली, आणि "बरं मामू" म्हणून उठले.